घरच्या घरी गिनी पिगची पिल्लं काढावीत का?

गिनी पिग पाळणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या मनात हा विचार कधी ना कधी येतोच, की आपली मादी एवढी गोड आहे, स्वभावाने शांत आहे, एखादा नर आणला आणि एकदा पिल्लं होऊ दिली तर काय बिघडलं. माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकते, मुद्दाम पिल्लं काढू नका. एकदाही नको. पिल्लांमध्ये काही वाईट आहे म्हणून नाही, उलट ज्या कारणामुळे गिनी पिगचं पिल्लू जन्मल्या जन्मल्या एवढं देखणं दिसतं, त्याच कारणामुळे त्याची आई बाळंतपणात दगावू शकते, आणि हे बहुतेक लोकांना मादी घरी आणताना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उंदीर-घुशींच्या जातीतला प्राणी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतं ते पटापट विणारं जनावर. उंदराची मादी जेमतेम तीन आठवडे गाभण असते, आणि पिल्लं जन्मतात तेव्हा लालबुंद, डोळे मिटलेली, अंगावर केस नाहीत, बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्यांची अर्धी वाढ जन्मानंतर बिळात होते. गिनी पिगचं गणित पूर्ण उलटं आहे. मादी ५९ ते ७२ दिवस गाभण राहते, म्हणजे नऊ-दहा आठवडे, आणि एवढ्या छोट्या प्राण्यासाठी हा काळ खूपच मोठा आहे. पिल्लू बाहेर येतं तेव्हा अंगभर केस, डोळे टक्क उघडे, तोंडात पक्के दात (दुधाचे दात आईच्या पोटात असतानाच येऊन जातात), आणि तासाभरात ते आईच्या मागे तुरुतुरु पळायला लागतं, पहिल्याच दिवशी गवताची काडी कुरतडून बघतं. यांचे दक्षिण अमेरिकेतले जंगली भाऊबंद उघड्या गवताळ भागात राहतात, स्वतः बीळ खणत नाहीत, त्यामुळे पिल्लाला जन्मल्यापासून पळता आलं पाहिजे, नाहीतर ते वाचणार नाही. हजारो वर्षांपूर्वी अँडीजच्या डोंगराळ भागात माणसाने त्यांना पाळायला सुरुवात केली तरी शरीराची ही रचना काही बदलली नाही.

आता हे आईच्या बाजूने बघा. पूर्ण वाढलेली मादी साधारण ७०० ते ९०० ग्रॅमची असते. एका वेतात दोन ते चार पिल्लं होतात, कधी जास्तही, आणि एकेक पिल्लू ६० ते १०० ग्रॅमचं. चार पिल्लं ९० ग्रॅमची धरली तर ३६० ग्रॅम नुसती पिल्लंच झाली, वार आणि पाणी वेगळंच. साठ किलोच्या बाईने पोटात सत्तावीस किलोची बाळं घेऊन फिरावं असा हा प्रकार आहे. शेवटच्या दोन आठवड्यांत मादी वरून बघितली तर अक्षरशः दोन्ही बाजूंनी फुगलेली दिसते, बसली की पोट जमिनीवर पसरतं, आणि पोटात जठर आणि आतड्यांना जागाच उरत नाही त्यामुळे नेमकं जेव्हा तिला सगळ्यात जास्त खायची गरज असते तेव्हाच तिला एका वेळी जास्त खाता येत नाही.

एवढं मोठं पिल्लू बाहेर कुठून येणार हा पुढचा प्रश्न. ओटीपोटाच्या खाली, पुढच्या बाजूला, दोन हाडं जिथे एकमेकांना जुळतात तिथे एक सांधा असतो. एरवी तो घट्ट असतो आणि त्यातून पिल्लाचं डोकं जाणं शक्यच नाही. निसर्गाने काढलेला मार्ग असा की विण्याआधी काही दिवस मादीच्या शरीरात एक हार्मोन वाढतं, सांध्यातला बंध सैल पडतो आणि दोन हाडं चक्क बाजूला सरकतात, दोन-अडीच सेंटिमीटरचं अंतर पडू शकतं. या हार्मोनचं नाव रिलॅक्सिन, आणि त्याचा शोधच मुळी गिनी पिगमुळे लागला. १९२६ मध्ये फ्रेडरिक हिसॉ या अमेरिकन शास्त्रज्ञाने गाभण जनावरांच्या रक्तातला द्रव कधीही न व्यालेल्या गिनी पिग माद्यांना टोचला आणि त्यांचा हा सांधा सैल पडलेला त्याला दिसला. माणसाच्या बाळंतपणाबद्दलच्या पुस्तकात आज जे हार्मोन येतं त्याची गोष्ट या छोट्या प्राण्यापासून सुरू होते.

पण या सांध्याला वयाची मर्यादा आहे. मादी सहा-सात महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्याली नसेल तर तो सांधा हळूहळू कडक होत जातो आणि नंतर हार्मोन आलं तरी हवा तेवढा उघडेलच असं नाही. मग पिल्लू अडकतं. मादी कळा देत राहते, थकते, आणि वेळेत सिझेरियन झालं नाही तर आई आणि पिल्लं दोन्ही जातात. सिझेरियन म्हणजे सुटका असंही समजू नका, एवढ्याशा जीवाला भूल देणं मुळातच धोक्याचं, त्यात ती आधीच दमलेली, आणि गिनी पिगचं आतडं असं की काही तास पोटात अन्न गेलं नाही तरी त्याचं काम मंदावायला लागतं. ऑपरेशनमधून वाचलेली मादी नंतर खात नाही म्हणून गेली असं होतं.

बरं, मग लवकर, सहा महिन्यांच्या आत नर दाखवावा का? तर त्यालाही खालची मर्यादा आहे. मादी चार-पाच आठवड्यांची असतानाच माजावर येऊ शकते, म्हणजे तिची स्वतःची वाढ व्हायची असताना, आणि अशी कोवळी मादी गाभण राहिली तर तिची हाडं, वजन सगळंच मागे पडतं. म्हणून जाणकार लोक तीन-साडेतीन महिन्यांच्या आधी आणि साधारण ५०० ग्रॅम वजनाच्या खाली मादीला नराजवळ जाऊ देत नाहीत. म्हणजे उरली किती मुदत, तीनेक महिने. आणि इथेच घरगुती विणीची सगळी योजना कोसळते, कारण पेट शॉपमधून किंवा कुणाकडून घेतलेल्या मादीचं नेमकं वय कुणालाच माहीत नसतं. विकणारा सांगतो तीन महिन्यांची आहे, असते आठ महिन्यांची. वर्षभर सांभाळल्यावर, आता ती आपल्याशी रुळली, एकदा पिल्लं घेऊया, असं लोक म्हणतात तेव्हा प्रेमाने म्हणतात हे मला कळतं, पण त्या वयाच्या, कधीच न व्यालेल्या मादीजवळ नर सोडणं हे तिच्यासाठी सगळ्यात घातक आहे.

सांधा ठीक उघडला तरी दुसरं एक संकट असतं आणि ते जास्त फसवं आहे. त्याला प्रेग्नन्सी टॉक्सिमिया म्हणतात. गाभणपणाचे शेवटचे दोन आठवडे आणि व्याल्यानंतरचा पहिला आठवडा, हा त्याचा काळ. होतं काय, की पिल्लांची भूक प्रचंड वाढलेली असते आणि मादीच्या पोटात जात असतं कमी, मग शरीर साठवलेली चरबी भराभर वितळवायला लागतं, ती चरबी यकृतात साचते, रक्तात कीटोन नावाची, चरबी जळताना तयार होणारी द्रव्यं वाढतात आणि रक्त आम्लयुक्त होत जातं. मादी लठ्ठ असेल तर धोका जास्त, पिल्लं जास्त असतील तर जास्त, आणि जागा बदलली, खाणं बदललं, प्रवास घडला, घाबरली, कशानेही तिने एक दिवस नीट खाल्लं नाही तर तेवढं निमित्त पुरतं. कधी कधी तर जड गर्भाशयाचा दाब पोटातल्या रक्तवाहिन्यांवर पडून लठ्ठ नसलेल्या मादीलाही असंच होतं. बाहेरून दिसतं एवढंच की ती कोपऱ्यात केस फुगवून बसलीये, आवडीचं पानही घेत नाहीये. माणसाला वाटतं, भरत आलीये, दमली असेल, आराम करू दे. आणि काही जणी चोवीस तासांच्या आत जातात. उपचार असतात, पण लक्षणं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, त्यामुळे यश फार येत नाही.

व्हिटॅमिन सी बद्दलही थोडं सांगायला हवं. माणसासारखंच गिनी पिगच्या शरीरालाही व्हिटॅमिन सी तयार करता येत नाही, रोजच्या खाण्यातून ते मिळावंच लागतं. १९०७ मध्ये नॉर्वेत अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिख यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं तेव्हा त्यांना स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या कमतरतेचा रोग, झाला, आणि या रोगाच्या अभ्यासाला खरी दिशा तिथून मिळाली. साध्या दिवसांत किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम रोज पुरतं, गाभण मादीला ३० च्या आसपास लागतं. पाकिटातल्या पेलेट्समध्ये (तयार खाद्याच्या गोळ्यांमध्ये) ते घातलेलं असतं पण दिवस जातील तसं कमी होत जातं, आणि पाण्यात टाकलेले थेंब तर फार लवकर निकामी होतात, त्यामुळे पेलेट्सच्या भरवशावर असलेली मादी गाभण राहिली की तिला हे कमी पडतं आणि बाहेरून लगेच कळतही नाही.

प्रत्यक्ष विण्याची वेळ कशी असते ते एकदा नीट डोळ्यासमोर आणा, कारण बऱ्याच जणांना हा क्षण मुलांना दाखवायचा असतो. मादी पुढे वाकून बसते, डोकं मागच्या पायांमध्ये घालते, पिल्लाचं डोकं दिसलं की दातांनी हलकेच धरून त्याला बाहेर ओढते आणि लगेच त्याच्या तोंडावरची पातळ पिशवी फाडून नाक चाटून मोकळं करते. सगळं सुरळीत असेल तर अर्ध्या तासात आटोपतं, दोन पिल्लांमध्ये काही मिनिटांचंच अंतर. पण ती काही मिनिटं कमी पडली, पहिल्याची पिशवी काढून होण्याआधीच दुसरं आलं, किंवा पहिलटकरीण गोंधळली, तर ते पूर्ण वाढलेलं, उघड्या डोळ्यांचं, केसाळ पिल्लू त्या पिशवीतच गुदमरून जातं. आणि हे बहुतेक वेळा रात्री, नाहीतर घरात कुणी नसताना होतं. सकाळी पिंजऱ्यात दोन पिल्लं पळत असतात आणि एक गवतावर ओलं पडलेलं असतं. त्यातून आईला स्तन फक्त दोनच. चार पिल्लं झाली की पाळ्या लागतात आणि सगळ्यात लहान असतं ते मागे पडतं. जन्मताना ५०-६० ग्रॅमच्या खाली असलेली पिल्लं बऱ्याचदा वाचत नाहीत.

मुलांना जन्म दाखवायचा तर त्यात मृत्यूही दाखवायची तयारी हवी, आणि ज्या प्राण्याला मूल रोज मांडीवर घेतं त्याचा मृत्यू. माझ्या मते हा धडा त्या प्राण्याच्या जीवावर देऊ नये.

आता समजा सगळं छान झालं, आई धडधाकट, तीन पिल्लं, घर आनंदात. या आनंदातच सगळ्यात मोठी चूक होते, ती म्हणजे नर तिथेच असतो. गिनी पिगची मादी व्याल्यानंतर काही तासांत पुन्हा माजावर येते. दोन महिने पोटात ओझं वाहून, नुकतीच बाळंत झालेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते, आणि बऱ्याचदा राहतेच. मग ती एकीकडे दूध पाजते आणि पोटात पुढची पिल्लं वाढत असतात, शरीराला सावरायला एक दिवसही मिळत नाही. असं चालू राहिलं तर वर्षाला पाच वेतं होऊ शकतात. तीन-तीन धरली तरी पंधरा पिल्लं, एका जोडीपासून, एका वर्षात. आणि यात मुली धरलेल्याच नाहीत, ज्या महिन्याभराच्या झाल्या की आपल्याच बापापासून किंवा भावापासून गाभण राहू शकतात.

म्हणजे पुढचा मुद्दा रक्ताच्या नात्यातला. घरगुती विणीत हे फार होतं, कारण लोक एकाच ठिकाणाहून दोन गिनी पिग आणतात आणि ते भाऊ-बहीण असतात. याचे परिणाम काय होतात हे अंदाजाने बोलायची गरज नाही, ते मोजलेलं आहे आणि गिनी पिगवरच मोजलेलं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९०६ पासून गिनी पिगच्या अनेक कुटुंबांमध्ये पिढ्यान् पिढ्या भाऊ-बहिणींचीच जोडी लावली, आणि १९१५ नंतर सीवॉल राइट यांनी त्या सगळ्या नोंदींचा अभ्यास केला. हेच राइट पुढे अनुवंशशास्त्रातले फार मोठे नाव झाले. त्यांना दिसलं ते असं की नात्यातल्या जोड्या लावत गेलं तसतशी एका वेतातली पिल्लं कमी झाली, त्यांचं वजन घटलं, जगणारी कमी झाली, आणि प्रत्येक कुटुंबात वेगवेगळे दोष पक्के होत गेले. वेगळ्या कुटुंबातल्या जनावरांची जोडी लावली की पुन्हा तब्येत सुधारायची. पहिल्याच पिढीत सगळं बिघडतं असं नाही, पण ज्यांची आई-बापांची माहितीच नाही अशा दोन प्राण्यांची जोडी लावताना आपण आंधळेपणाने पाऊल टाकत असतो. दातांचंच घ्या. गिनी पिगचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि वरचे-खालचे नीट जुळले नाहीत तर ते एवढे वाढतात की खाणं बंद होतं. ही ठेवण वारशाने येऊ शकते, आणि आईमध्ये ती दोन-तीन वर्षांची झाल्यावर दिसायला लागते, तोवर तिची पिल्लं चार घरी गेलेली असतात.

रंगाच्या बाबतीत तर एक गोष्ट प्रत्येक मालकाला माहीत असायलाच हवी. काही गिनी पिगच्या अंगावर रंगीत आणि पांढरे केस एकमेकांत मिसळलेले असतात, त्याला रोन म्हणतात, आणि काहींच्या पांढऱ्या अंगावर रंगीत ठिपके असतात, त्यांना डाल्मेशियन. दिसायला फार सुंदर. या दोन्हींच्या मागे एकच जीन आहे. त्याची एक प्रत असेल तर प्राणी एकदम निरोगी असतो, फक्त रंग वेगळा. पण आई आणि बाप दोघांकडे ती एकेक प्रत असेल तर प्रत्येक पिल्लाला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. असं पिल्लू पांढरं जन्मतं, डोळे अगदी बारीक किंवा जवळपास नसल्यासारखे, बऱ्याचदा बहिरं, दात वेडेवाकडे किंवा कमी, आणि पचनाच्याही तक्रारी. काही पिल्लं थोड्याच दिवसांत जातात, काहींना कुणीतरी आयुष्यभर दात कापून घेत, हाताने भरवत जगवतं. अशा पिल्लाला लीथल, म्हणजे जीवघेणा दोष असलेलं, म्हणतात. यात आणखी वाईट म्हणजे रोन प्रत्येक वेळी दिसतोच असं नाही, ज्याच्या अंगावर मुळातच बराच पांढरा रंग आहे त्याच्यात ते मिसळलेले केस लपून जातात, चार-दोन पांढरे केस कुठेतरी कानामागे असतात. म्हणजे आपल्याला वाटतं आपल्याकडे साधा पांढरा-तपकिरी नर आहे, आणि त्याच्याकडे ती प्रत असू शकते.

लोक जी कारणं देतात त्यातलं एक नेहमी ऐकू येतं, एकदा व्याली की मादीची तब्येत चांगली राहते, गाठी होत नाहीत. याला आधार नाही. गिनी पिगच्या माद्यांना वय वाढलं की अंडाशयावर गाठी होणं खूप कॉमन आहे हे खरं, पण त्या व्यालेल्या माद्यांनाही होतात. दुसरं कारण एकटेपणाचं, आणि ते मी जास्त गंभीरपणे घेते कारण ते खरंच आहे, गिनी पिग कळपातला प्राणी आहे, एकट्याने राहणं त्याला मानवत नाही, स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून कायद्यानेच त्याला एकटं ठेवता येत नाही. पण त्यावर उपाय सोबत हा आहे, पिल्लं नाही. दुसरी मादी आणा, किंवा खच्चीकरण केलेला नर आणा, आणि मोठी जागा द्या, दोघांना कमीत कमी १२० बाय ६० सेंटिमीटर तरी. तिसरं कारण, आमच्या पिल्लांना घरं मिळतील, मैत्रिणीने घेते म्हटलंय. मैत्रीण घेईलही. पण गिनी पिग पाच ते आठ वर्षं जगतो, आणि आज तिसरीत असलेलं मूल तोवर दहावीला गेलेलं असतं. शिवाय पिल्लांमध्ये अर्धे नर असतात आणि नरांचं मोठेपणी एकमेकांशी पटेलच असं नाही, मग एकेकाला वेगळा पिंजरा. आणि ज्यांना गिनी पिग हवाच आहे त्यांच्यासाठी कुणीतरी सोडून दिलेले, घराची वाट बघणारे प्राणी आधीच आहेत, आपण आणखी तीन जन्माला घातले की त्यातल्या तिघांची जागा जाते.

काही लोक हे काम नीट करतात हेही सांगायला हवं. त्यांच्याकडे मागच्या अनेक पिढ्यांची वंशावळ लिहिलेली असते, कुठल्या जनावराला कसली तक्रार झाली, किती जगलं, दात कसे होते याची नोंद असते, एक मादी मोजकीच वेतं घेते, आणि परत आलेलं प्रत्येक पिल्लू ठेवून घ्यायची जागा असते. एवढं करूनही त्यांच्या माद्या बाळंतपणात जातात, आणि तेच लोक नवख्यांना सगळ्यात आधी नको म्हणतात.

आता, हे वाचणाऱ्यांपैकी काही जणांकडे मादी आधीच गाभण असणार. पेट शॉपमध्ये नर-मादी एकत्र ठेवलेले असतात, किंवा दोन माद्या म्हणून दिलेल्यांपैकी एक नर निघतो, यात तुमचा दोष नाही. अशा वेळी घाबरून जाऊ नका, पण हातावर हात ठेवून बसूही नका. पहिलं काम नर वेगळा करणं, आजच, विण्याच्या बऱ्याच आधी, नाहीतर त्याच दिवशी दुसरी फेरी सुरू होईल. शेजारी दुसरी मादी सोबतीला असेल तर ती राहू द्या, एकटी पाडू नका. दुसरं काम, गिनी पिग बघणारा डॉक्टर शोधणं आणि रात्री-अपरात्री कुठे न्यायचं हे आधीच ठरवून ठेवणं. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी हा प्राणी वेगळा आहे, तोंडावाटे दिलेली पेनिसिलिन वर्गातली साधी अँटिबायोटिक्स याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून त्याचा जीव घेऊ शकतात, त्यामुळे घरातलं कुठलंही औषध देऊ नका.

रोज वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, त्यावर खोलगट भांडं ठेवायचं, तळाला फडकं, वर तिच्या आवडीचं एक पान, तिला दोन्ही हातांनी, एक हात छातीखाली आणि एक मागच्या भागाखाली धरून अलगद आत ठेवायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. पोट दाबून पिल्लं मोजायला जाऊ नका. वजन वाढत राहायला हवं, एखाद्या दिवशी ते घसरलं आणि खाणंही कमी झालंय असं दिसलं तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे. शेवटच्या दोन आठवड्यांत तर उचलणंही कमी करा, भांडंच तिच्यासमोर आडवं धरून तिला स्वतः आत चालू द्या. सुकं गवत कायम भरपूर, ताज्या भाज्या रोज, ढोबळी मिरची त्यात असू द्या कारण तिच्यात व्हिटॅमिन सी चांगलं असतं, आणि गाभणपणात अल्फाल्फाचं गवत (लसूणघास) थोडं दिलं तर कॅल्शियम आणि प्रोटीन मिळतं. ती लठ्ठ वाटली तरी आता डाएट करायचं नाही, खाणं तोडलं की टॉक्सिमियाला आमंत्रण. पिंजऱ्याची जागा, सोबती, खाणं, यातलं काहीच या काळात बदलू नका.

विताना लांब बसा आणि घड्याळ बघा. सतत वीसेक मिनिटं कळा देऊनही पिल्लू आलं नाही, रक्त जास्त जातंय, किंवा ती ओरडून मग गप्प पडून राहिली, तर डॉक्टर. पिल्लू बाहेर आलं आणि आईने तोंडावरची पिशवी काढली नाही तर स्वच्छ फडक्याने तुम्ही काढा, नाक पुसा, अंग चोळून कोरडं करा आणि आईजवळ परत ठेवा. एवढीच मदत, बाकी तिला करू द्या. नंतर पिल्लांचंही रोज वजन करायचं, पहिले एक-दोन दिवस थोडं उतरतं, मग चढायला लागायला हवं.

तीन आठवडे झाले की नर पिल्लं आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करायची, दिसायला ती अजून कितीही लहान वाटली तरी, आणि त्यांना शक्य असेल तर मोठ्या नराच्या सोबतीला ठेवायचं. नर-मादी ओळखणं एवढ्या लहान वयात अवघड जातं, म्हणून डॉक्टरकडून तपासून घ्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा तपासा, कारण मुलींमध्ये चुकून राहिलेला एक नर पुरेसा असतो. मोठ्या नराचं खच्चीकरण करून घेतलं तरी त्याला लगेच मादीजवळ सोडू नका, ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात. सहा आठवडे थांबा, तोवर दोघांमध्ये जाळी ठेवली की ते एकमेकांना बघू शकतात, वास घेऊ शकतात, आणि नंतर एकत्र करताना भांडणंही कमी होतात.